गेटवेला घातलेलं गाऱ्हाणं

गेटवे ऑफ इंडियासमोर नारळ फोडता येत नाही. तशी पाटी कुठे लावलेली नाही, पण मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण आमच्या काकांनी पिशवीतून नारळ काढला तेव्हा मी शेजारीच उभी होते. शाळेत होते मी तेव्हा. आजूबाजूला फोटोवाले, कबुतरं, गोरे पाहुणे, आणि मधोमध आमचे काका, चपला काढून, त्या गेटसमोर अनवाणी. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला भिंतीला भिंत लागून होती. मूळचे मालवणकडचे, आणि शिवडीला एका गोदामावर वॉचमन. तोंडावर आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे ‘व्हय म्हाराजा’. आता ते नाहीत, चाळही नाही, तिथे टॉवर उभा राहिलाय. पण अजूनही चाळीतलं कुणी भेटलं की पहिला विषय काकांचाच निघतो, आणि हसून हसून पोट दुखायला लागतं.

चाळीत कुणाकडेही गावचा पाहुणा उतरला की त्याला मुंबई दाखवायचं काम काकांचं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पण घरच्यांना तेवढीच सुटका, पाहुण्याला फुकटचा वाटाड्या, आणि काकांना तर काय, हवंच असायचं. साप्ताहिक सुट्टी असली की सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे. “कोणाकडे पावणो इलो काय रे?” असं विचारत. पाहुणा नसला तर चेहरा एवढासा व्हायचा. काकी आतून ओरडायची, “पावणो नाय तर घरातलो नळ बघा! त्येच्यासमोर घाला गाऱ्हाणा, गळूचो तरी थांबतलो!”

त्या दिवशी आमच्याकडे साताऱ्याची आत्या आली होती. पहिल्यांदाच मुंबई बघत होती. काकांनी नारळ वर उचलला आणि शिट्टी वाजली. एक हवालदार धावतच आला.

“ओ काका! काय चाललंय? देऊळ आहे का हे?”

काका शांतपणे म्हणाले, “देऊळ नाय. राखणदार आसा.”

हवालदार थबकला. काकांना त्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “खयचे तुमी?”

“मालवण. तुमी?”

“कुडाळ.”

झालं! पुढचं काही विचारायलाच नको. हवालदाराने इकडेतिकडे बघितलं, टोपी काढून काखेत धरली आणि हळूच म्हणाला, “नारळ नको, काकानु. लादी खराब होता, सायब माझ्या नावान बोंब मारतलो. नुसता गाऱ्हाणा घाला.”

आम्ही घाटावरची माणसं. आम्ही देवापुढे हात जोडतो, मनातल्या मनात काय ते मागतो आणि प्रसाद घेऊन घरी येतो. कोकणातलं काम तसं नाही. तिथे गावातला एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागणं मागतो, त्याला म्हणतात गाऱ्हाणं. आणि त्याने एकेक मागणी केली की बाकीच्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. म्हणजे, होय देवा, आम्हीही साक्षीला उभे आहोत, हा एकटा नाही. हे गावच्या देवळात ठीक आहे हो. पण काकांनी ते अपोलो बंदरावर आणलं होतं.

त्यांनी हात जोडले आणि आवाज लावला. “बा गेटवे म्हाराजा! समुद्राच्या दारार उभो रवान तू ह्या मुंबैची राखण करतस. आज सातारची ही बाय पयल्यांदाच तुझ्या दारात इली हा. तिची काय चूकभूल झाली आसात, तर ती पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हवालदार म्हणाला.

“तिच्या गुडघ्याचा दुखणा ह्या समुद्रात बुडव आणि तिका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या खेपेला आमची आत्यासुद्धा! डोळे मिटून, पदर खांद्यावरून घेऊन. एका गोऱ्या बाईने तिचा फोटो काढला. आत्या साताऱ्याला गेली आणि पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली की मुंबईत समुद्रावर एक देव आहे, फार जागृत आहे, फक्त मूर्ती दिसत नाही.

काकांचं म्हणणं सरळ होतं. गावाला वेस असते, वेशीवर राखणदार असतो, त्याच्या जिवावर गाव झोपतं. मुंबईत परळ होतं, माझगाव होतं, शिवडी होती. ती सगळी गावंच होती की. ती या शहराने गिळून टाकली, मग त्यांची राखण आता कोण करतो? “एवढी माणसा कोणाच्या भरवशार झोपतत?” असं ते विचारायचे. उत्तरही त्यांचंच. ज्या मोठ्या इमारती जागच्या हलत नाहीत, ऊनपाऊस खात उभ्या राहतात, त्या राखणदार. देव निराळा आणि राखणदार निराळा, यावर त्यांचा फार कटाक्ष होता. देवाकडे मोठी कामं. राखणदार म्हणजे वॉचमन. “ह्या धंद्यात मी आसंय,” ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, “माका इचार.”

याच न्यायाने ते कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाच्या आत पाऊल टाकत नसत. म्युझियमच्या फाटकापर्यंत पाहुण्याला न्यायचं, घुमट दाखवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि परत फिरायचं. आत काय आहे असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “आत काय आसा ता वॉचमनान बघूचा नाय. कोण इलो, कोण गेलो, तेवढाच बघूचा.” चिपळूणचा एक पाहुणा बिचारा म्युझियमच्या दारातून परत आला, म्हणून आयुष्यभर हळहळत होता. त्याला म्हणे आतली ममी बघायची होती. काकी म्हणाली, “ममी बघूक मुंबैक कित्याक होयी? आमचे हे दुपारचे निजतत तेव्हा येवन बघ.”

मग खातेवाटप. समुद्रावरून येणाऱ्या-जाणाऱ्याचं गेटवेकडे. शिक्षण आणि परीक्षा राजाबाई टॉवरकडे. गावाहून ट्रंक घेऊन नोकरीला आलेल्यांचं बोरीबंदरच्या स्टेशनाच्या इमारतीकडे. लहान मुलांचं राणीच्या बागेतल्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे. शिवडीचा पडका किल्ला मात्र त्यांच्या घरचा, त्याच्याशी ते एकेरीत बोलत आणि कामावर जाताना नुसती मान हलवत, जोडीदार वॉचमनला करतात तशी. मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट त्यांना मुळीच मान्य नव्हता. “पायताणाक कोण हात जोडता?” पाहुण्यांची पोरं बुटात खेळायची तोवर काका पाठ फिरवून बाहेर उभे. सी-लिंक झाला तेव्हा आम्ही मुद्दाम छेडलं, काय काका, याला कुठलं खातं? काकांनी वरळीच्या बाजूने तो नीट बघितला आणि म्हणाले, “दिसाक बरो आसा. पण नवीन आसा. नव्या माणसाक एकदम ड्युटी देव नये.” पुढे शिवडीवरून समुद्रात लांबलचक पूल निघाला, त्याच्याबद्दल विचारलं तर एका शब्दात निकाल. “प्रोबेशनार.”

माझ्या दहावीला मलाही राजाबाई टॉवरसमोर उभं केलं होतं. जाणारे-येणारे वकील, कॉलेजची मुलं, सगळे बघत होते. काकांनी गाऱ्हाणं घातलं आणि मी तोंडातल्या तोंडात ‘व्हय म्हाराजा’ पुटपुटले. काकांनी डोळे उघडले. “गो, कोणाक ऐकाक गेला ता? पुटपुटलेला वर पोचना नाय. मागणारो एकलो पडता.” आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्यांदा मी ओरडले तेव्हा कुठे पुढे सरकले. तरी गणितात मी काठावरच पास झाले. काकांचं म्हणणं, पहिल्या दोन वेळचं पुटपुटणं गणिताच्या खात्यात गेलं.

एक सवय सांगायची राहिली. दिवेलागण झाली की काका गॅलरीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. दाराशी क्षणभर थांबायचे आणि विचारायचे, “सगळी इली?” बस्स, एवढंच. घरातून कुणीतरी म्हणायचं, आली आली. मग पुढचं दार. एखादा यायचा असला तर काका जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायचे. आम्ही थट्टा करायचो, नक्कल करायचो. पण काका गावी गेले की संध्याकाळी गॅलरी ओकीबोकी वाटायची, आणि आई उगाचच दोनदा दाराशी येऊन बघून जायची.

काकांची मुलगी प्रणाली. एकुलती एक. माझ्याच वयाची, एकाच बाकावर बसून शिकलो आम्ही. हुशार, देखणी, आणि अभिमानी तर एवढी की विचारू नका. गाऱ्हाण्याची तिला मनापासून लाज वाटायची. घरात मालवणी बोलायची, पण चाळीचा जिना उतरला की मालवणी बंद. बाप मालवणीत बोलतोय आणि मुलगी शुद्ध मराठीत उत्तर देतेय, असं रस्त्यात त्यांचं संभाषण चालायचं.

तिला फोर्टातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि पहिल्या दिवशी काका तिला सोडायला गेले. आता तिथून टॉवर दिसतो, मग काकांना कोण आवरणार? नव्या मैत्रिणींचा घोळका फाटकात उभा. त्यांच्यासमोर काकांनी चपला काढल्या. “बा टॉवरा म्हाराजा! माझा चेडू आज कॉलेजात जाता...” संपूर्ण गाऱ्हाणं. आणि शेवटी तिच्याकडे वळून वाट बघत राहिले, ती ‘व्हय म्हाराजा’ म्हणेल म्हणून. तिने म्हटलंच नाही. चालायला लागली. संध्याकाळी घरी आल्यावर एकच वाक्य बोलली, “बाबा, यापुढे मला कुठेही सोडायला येऊ नका.” भिंतीपलीकडून मी ऐकलं. काका नुसतं “बरा” म्हणाले.

त्यानंतर तिच्यासमोर त्यांनी कधीही गाऱ्हाणं घातलं नाही. पाहुण्यांची मुंबई चालूच राहिली, पण प्रणाली बरोबर असली की काका गेटवेसमोरसुद्धा इतर चार माणसांसारखे उभे राहायचे. हात खिशात. ते बघवायचं नाही. मला वाटायचं, हिला एकदा चांगलं झापावं. पण मैत्रीण पडली.

प्रणाली शिकली, लोअर परळला मोठ्या कंपनीत लागली, आणि तिथे तिला गौरव भेटला. दिल्लीचा. पोरगा सोन्यासारखा. पहिल्यांदा चाळीत आला तेव्हा बांगड्याचे काटे त्याला काढता येईनात, तर काकीने त्याला काढून दिले. त्याने सोलकढी दुसऱ्यांदा मागून घेतली, तिथेच काकी गारद. गौरवची बदली परत दिल्लीला होणार होती, लग्न करून दोघं तिकडेच राहणार, असं ठरत होतं. सगळं छान चाललेलं. आणि काका म्हणाले, “नाय.”

घरात हलकल्लोळ. सगळ्यांना वाटलं, परप्रांतातला म्हणून. प्रणाली रडून लाल. “बाबा, तुम्ही असे असाल असं मला वाटलं नव्हतं!” काकी बोलायची बंद झाली, जी गोष्ट चाळीच्या इतिहासात घडली नव्हती. काका कुणालाच काही सांगेनात. शेवटी मीच त्यांना गॅलरीत गाठलं. विचारलं, “काका, गौरवमध्ये वाईट काय आहे?”

“पोरगो बरो आसा,” काका म्हणाले.

“मग त्याचे आईवडील?”

“तेव बरे आसतले.”

“मग अडलंय कुठे?”

काका बराच वेळ कठड्याचा रंग नखाने काढत राहिले. मग म्हणाले, “थय राखणदार कोण?”

मी कपाळावर हात मारला. “दिल्लीत?”

“हय माका सगळे वळखतत. गेटवे वळखता, टॉवर वळखता. चेडवाक उशीर झालो तर मी कोणाक तरी सांगू शकतंय. थय मी कोणाक सांगू? माझी कोणाशीच वळख नाय.” आणि मग एकदम पडलेल्या आवाजात, “माका एवढाच कळता गो. दुसरा काय येना नाय.”

हसावं की रडावं! मी प्रणालीला सांगितलं. ती चिडून म्हणाली, “हे कारण मी गौरवच्या घरी सांगू? की माझे वडील बिल्डिंगी बघून मुलगी देतात?” मी म्हटलं, “बाई गं, बघू दे की मग. ने त्यांना दिल्लीला. ओळख होऊ दे.” ती रात्रभर विचार करून सकाळी तयार झाली, पण तिने अट घातली. दिल्लीत गाऱ्हाणं घालायचं नाही. कुठेही नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नाय घालूचंय.” मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं, “आणि तूही त्यांना साथ द्यायची नाहीस. शपथ घे.” घेतली शपथ.

काकीच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून तिच्या जागी मी. थंडीचे दिवस होते. काका माकडटोपी, दोन स्वेटर आणि शेजारच्या खोलीतून मागून आणलेले बूट अशा थाटात दिल्लीत उतरले. गौरवच्या आईने आमचं फार प्रेमाने केलं. काकांची तक्रार एवढीच, तीही माझ्या कानात, “जेवण बरा आसा. पण ह्यांच्याकडे सोमवार-मंगळवार, सगळ्या वारी पनीरच?”

आणि सुरू झाली काकांची पाहणी. मी आजवर असा पर्यटक बघितला नाही. लोक लाल किल्ल्याची तिकिटं काढत होते, काका बाहेर पहाऱ्यावरच्या शिपायांकडे बघत होते. गौरव हौसेने बादशहाच्या गोष्टी सांगत होता. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “ह्येकाच राखूक एवढे बंदूकवाले. ह्यो दुसऱ्याक काय राखतलो?” किल्ला बाद.

कुतुबमिनारपाशी मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. मला वाटलं, पटला. तर म्हणाले, “उंच आसा. पण एकलोच उभो. ना दारार, ना वेशीर. कोणाची वाट बघता, त्येकाच ठावक.” कमळासारख्या त्या पांढऱ्या देवळात आत कुणी बोलायचं नाही असा नियम आहे. काका बाहेर आले ते घाबरूनच. “हय हाकच मारूची नाय, तर ऐकतलो कोण?” गाडी मोठमोठ्या सरकारी कचेऱ्यांवरून गेली, तेव्हा मी हळूच विचारलं, या कशा वाटतात? काका म्हणाले, “थय आधीचीच गाऱ्हाणी पडान आसत.”

प्रणालीचा चेहरा उतरत चालला होता. गौरव बिचारा गोंधळलेला. “अंकल को कुछ पसंद नहीं आ रहा क्या?” असं मला विचारत होता. मी काय सांगणार? म्हटलं, थकलेत. पण आमची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती, आणि काकांना दिल्लीत एकही राखणदार सापडला नव्हता. प्रणाली माझा हात दाबून म्हणाली, “ते नाहीच म्हणणार. मला माहितीये. आणि ते नाही म्हणाले तर मी नाही करू शकणार ग हे लग्न. त्यांना असं एकटं टाकून नाही जाता येणार मला.” तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

संध्याकाळी आम्ही इंडिया गेटला गेलो. शेवटचंच ठिकाण. ही गर्दी, फुगेवाले, आइस्क्रीमच्या गाड्या, हिरवळीवर पोरांची पळापळ. काका आमच्या पुढे चालत होते, ते मधेच थांबले. वर बघत राहिले. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

“बाबा,” प्रणाली दबक्या आवाजात म्हणाली.

“घालूचंय नाय गो. पाय चावतत.”

बूट हातात घेऊन काका साखळीपर्यंत गेले. मी त्यांच्या शेजारी. “ह्यो आपल्या गेटचो भाव दिसता,” ते म्हणाले. गेटवेचा भाऊच सापडला होता त्यांना. तेवढ्यात गौरव पुढे आला. “अंकल, वो दीवारों पर जो लिखा है ना, सब फौजियों के नाम हैं. जो लड़ाई से घर वापस नहीं आए.”

“सगळी नावा?” काकांनी मला विचारलं.

“हो काका. सगळी नावंच आहेत.”

काकांनी चष्मा पुसला. तेवढ्या अंतरावरून त्यांना एकही अक्षर लागत नव्हतं, तरी ते साखळीच्या कडेकडेने चालत राहिले, वर बघत, पायात नुसते मोजे. आम्ही त्यांच्या मागे. परत आमच्या जागी आले तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. “बघ गो. कोणाकोणाची पोरां ही. आवशी-बापूस वाट बघून बघून गेले आसतले. पण ह्येना एकाचाव नाव टाकूक नाय. सगळी इली काय, म्हणान ह्यो अजून इचारता.”

 काकांनी बूट खाली ठेवले. हात जोडले. मी वळून बघितलं, प्रणाली आणि गौरव चार पावलं मागे उभे होते. काकांचे ओठ हलत होते. दिलेला शब्द पाळत होते ते, आवाज नव्हताच, नुसता श्वास. मी अगदी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

“बा इंडिया गेटा म्हाराजा. मी मुंबैचो. तुका माझी वळख नाय, माका तुझी नाय. तुझो भाव आमच्याकडे समुद्रार उभो आसा, त्येची वळख सांगून इलंय. माझा एकच चेडू. ता आता तुझ्या हद्दीत रवतला. त्येका हय माझ्यासारख्या इचारणारा कोण नाय. एवढ्या पोरांची नावा तू धरून ठेयलंस, त्येच्यात ह्या एक धर. सांजचा घराक इला काय नाय, तेवढा बघ रे म्हाराजा...”

आणि थांबले. गाऱ्हाण्यात थांबतात तसे थांबले, डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून. पुढची मागणी करता येत नाही, जोवर पाठीमागून कुणी साथ देत नाही. त्यांनी मला खूण केली नाही, काही मागितलं नाही. नुसते वाट बघत उभे राहिले. माझ्या घशाशी शब्द आला होता, पण शपथ घातलेली, आणि पुटपुटून तर चालणारच नव्हतं.  फुगेवाल्याची पिपाणी वाजत होती. काका तसेच. आता ते हात सोडतील आणि बूट घालतील, आणि सगळं संपेल, असं मला वाटलं.

“व्हय म्हाराजा!”

माझ्या पाठीमागून आवाज आला. केवढा आवाज! फुगेवाला वळला. आइस्क्रीम खाणारं एक अख्खं कुटुंब वळलं. गौरव तोंड उघडं टाकून बघत राहिला. प्रणाली पुढे आली होती, साखळीपर्यंत, बापाच्या खांद्याला खांदा लावून, हात जोडून, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. जोडलेले हात मात्र सोडले नाहीत.

“हळू गो,” ते म्हणाले. “लोका बघतत.”

“बघूंदेत,” प्रणाली म्हणाली. “बाबानु, पुढचा घाला.”